सिनेमात नेमकं कोण काय करतं? बार्शीहून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

बार्शीच्या एका मुलाने विचारलं आहे. वय 23, बी.कॉम. झालंय, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. त्याचे शब्द साधारण असे: ‘सिनेमा संपल्यावर नावांची भलीमोठी यादी वर सरकत जाते. त्यातली माणसं नेमकं काय करतात? मला अभिनय येत नाही, दिग्दर्शनाची झेप नाही, पण या कामात शिरायचंय. जागा कुठे मिळेल? आधी कोर्स करू का?’

मी कंटिन्यूटीपासून, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखण्याच्या कामापासून सुरुवात केली, पुढे मुख्य सहायक दिग्दर्शक झाले आणि आता बरीच वर्षं कार्यकारी निर्माती म्हणून सिनेमे आणि अधूनमधून वेबमालिका सांभाळते. म्हणजे पैसा, तारखा, माणसं आणि जेवण. तेव्हा उत्तर त्या खुर्चीतून येणार. हाच प्रश्न कॅमेरामनला विचारलात तर तो लेन्सवर दोन पानं जास्त लिहील, आणि ते चुकीचं नसेल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो: माझ्यासारख्या माणसाला तिथे कोण आणि कशासाठी घेईल? ती यादी पाठ करून याचं उत्तर मिळणार नाही. यादी लिहिताना मानपान सांभाळलेला असतो, करारातल्या अटी असतात, कुणाचा तरी रुसवा काढलेला असतो. ‘सहनिर्माता’ या पाटीखाली पैसे घातलेला माणूस असू शकतो, तसाच चित्रीकरणाला आपला वाडा फुकट देणाराही. ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द मागेपुढे लागलेली नावं दिसली की मी स्वतःच कुणाला तरी फोन करून विचारते, याने नक्की केलं काय? म्हणून हुद्दे बाजूला ठेवा. सेटवर एखादा प्रश्न निघाला की सगळे कुणाकडे बघतात, ते बघा. जेवढे असे प्रश्न तेवढी खरी कामं.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक सीन घेऊ. मी इथे बसल्या बसल्या रचलेला आहे, कुठल्या सिनेमातला नाही.

सीन 42. बाह्य. एसटी स्टँड. रात्र, पाऊस. साल 1998. आई दहा वर्षांच्या मुलाला मामाच्या गावी पाठवते आहे. त्याच्या हातात कडीचा डबा देते. गाडी सुटते. मुलगा रडत नाही.

कागदावर चार ओळी. लेखकाचं काम इथे संपलं असं लोकांना वाटतं. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं येतात, ती तीन माणसं असू शकतात किंवा एकच. गोष्ट काय हे कथा सांगते. ती कुठल्या क्रमाने आणि कशातून दिसणार हे पटकथा ठरवते, आणि डबा ही पटकथेची करामत आहे. संवादलेखक ठरवतो की आई ‘पोचलास की फोन कर’ म्हणेल, की नुसतं ‘डबा सांडू नको’ म्हणेल. 1998 मध्ये त्या मामाकडे फोन आहे का, हा प्रश्नही त्याचाच.

मग पटकथा माझ्याकडे येते, आणि मी पहिला प्रश्न विचारते तो अगदी रूक्ष असतो: पाऊस हवाच का?

कारण खऱ्या पावसात सहसा शूट होत नाही. तो हवा तेव्हा पडत नाही, टेक लागला की थांबतो. शिवाय कॅमेऱ्याला तो दिसतही नाही, जोपर्यंत थेंबांच्या मागून प्रकाश येत नाही. समोरून लाइट मारलात तर डोळ्यांना धो-धो पाऊस आणि पडद्यावर काहीच नाही, अशी गत होते. म्हणजे सीनला टँकर आले, उंचावरून पाणी सोडणारे पाइप आणि रेनमशीन आली, त्यांची माणसं आली, मागून मारायला मोठे लाइट आले, ते उंचावर चढवायची सोय आली, जास्तीचा जनरेटर आला. दुष्काळी तालुक्यात टँकर उभे करून पाणी ओतायचं म्हणजे गावाशी बोलणं आलं. रात्रपाळी आली. ‘पाऊस’ हे तीन अक्षरी काम लाखाच्या घरात जातं.

दिग्दर्शक तेव्हा म्हणतो, हवाच. मुलगा रडत नाहीये, तोंडावर पाणी आहे, ते पावसाचं की डोळ्यांतलं हे आईला कळत नाहीये, सीन तोच आहे. यावर माझ्याकडे उत्तर नसतं. पाऊस राहतो, आणि मी दुसरीकडचा एक खर्च कापते.

दिग्दर्शक काय करतो, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच. प्रत्येक विभाग त्याच्यापुढे दोन-तीन पर्याय ठेवतो आणि तो निवडतो. आणि निवडण्यामागे ‘मुलगा रडत नाही’ हे एक वाक्य धरून ठेवतो. ज्याला हे वाक्य सापडलेलं नसतं तो दिग्दर्शक रोज सकाळी नवं काहीतरी मागतो, आणि त्याचा हिशेब शेवटी माझ्या वहीत दिसतो.

आता मुलगा दहा वर्षांचा आहे, हे विसरू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला सिनेमात घ्यायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदतठेवीत ठेवावा लागतो. आईवडिलांची संमती, शाळेची व्यवस्था, त्याची काळजी घेणारी जबाबदार व्यक्ती, हे वेगळंच. हे कागद प्रॉडक्शनचे. पण त्याचा परिणाम पहिल्यांदा जाणवतो तो मुख्य सहायक दिग्दर्शकाला.

या माणसाबद्दल बाहेर फार गैरसमज आहे. लोकांना वाटतं, सहायक दिग्दर्शक म्हणजे उमेदवारी करणारा भावी दिग्दर्शक. काही असतातही. पण मुख्य सहायकाचं काम वेळेचं आहे. तो पटकथा फोडतो, म्हणजे प्रत्येक सीनला कोण माणसं, कुठली जागा, कुठल्या वस्तू, दिवस की रात्र, हे मांडतो. मग गोष्टीचा क्रम विसरून स्टँडचे सगळे सीन एकत्र, वाड्याचे सगळे एकत्र असं शेड्यूल लावतो. आपल्या सीनमध्ये तो काय करेल? अंधार पडताक्षणी मुलाचे शॉट आधी उरकेल. पाच तास संपले की मुलगा घरी, आणि आईचे क्लोजअप त्यानंतर, समोर मुलाच्या उंचीवर कुणीतरी उभं राहून संवाद देईल. पण थांबा. शेडखालचे कोरडे शॉट भिजण्याआधी घ्यायला हवेत, कारण एकदा भिजलेली बाई पुन्हा कोरडी करायला तासभर जातो. आणि एसटी महामंडळाने गाडी रात्री अमुक वाजेपर्यंतच दिली आहे. या तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात. त्यांचा निकाल लावणारा माणूस म्हणजे मुख्य सहायक. त्याच्या हाताखालचा दुसरा सहायक नटांना वेळेवर मेकअपमधून सेटवर आणतो, आणि तिसरा स्टँडवरची गर्दी हलवतो. तिसऱ्याचा घसा सगळ्यात आधी बसतो.

कंटिन्यूटीचा प्रश्न एकच: मघाशी कसं होतं? डबा कुठल्या हातात, पदर कुठल्या खांद्यावरून, केस किती ओले, कुठल्या शब्दावर तिने मान वळवली. आज रात्री मुलाचा शॉट आणि चार दिवसांनी आईचा उरलेला शॉट घेतला, तरी पडद्यावर ते एकाच क्षणातले वाटले पाहिजेत. फोटो काढून भागतं असं आता मुलांना वाटतं. फोटोत हात दिसतो, पण हात कुठल्या शब्दावर उचलला हे दिसत नाही. ते लिहावंच लागतं. टेक कुठला चांगला, कुठल्यात आवाज खराब, हेही त्याच कागदावर जातं, आणि पुढे संकलकाला त्याचा उपयोग होतो.

कलाविभागाकडे येऊ, कारण तुमच्याशी त्याचा संबंध आहे. हे स्टँड 1998 चं करायचं आहे. आजच्या स्टँडवर फ्लेक्स लटकलेले असतात, मोबाइल रिचार्जच्या पाट्या असतात. त्या काढायच्या, निघत नसतील तर झाकायच्या. पेंटरच्या हाताने लिहिलेल्या जाहिराती, एसटीडी-पीसीओची पिवळी टपरी, गाडीवरची गावाची पाटी, बाकडी, कचरासुद्धा त्या काळचा. कसं दिसावं हे प्रॉडक्शन डिझायनर किंवा कलादिग्दर्शक ठरवतो. सुतार, पेंटर आणि सेटिंगची माणसं ते उभं करतात. आणि नटाच्या हातात जे जातं ते प्रॉपर्टीवाल्याचं. डबा कडीचा हवा, जुना हवा, आणि एक पुरत नाही, पडून चेपला तर तसाच दुसरा लागतो. ‘डब्यात काय आहे?’ हा प्रश्नही त्यालाच विचारतात. मुलाने मध्येच झाकण उघडलं तर आत पोळी-भाजी असली पाहिजे.

वेशभूषेचंही असंच. पावसाच्या सीनला एकसारख्या तीन-चार साड्या लागतात, त्याही सारख्याच धुवून जुन्या केलेल्या. नवी साडी भिजली की वेगळी पडते, जुनी वेगळी. ड्रेसदादा इस्त्री करतो, जपतो, नंबर लावून ठेवतो, पण ही साडी या बाईची आहे का, हे डिझायनर सांगते. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’साठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं, आणि ते कपड्यांच्या कामासाठी होतं. तरीही आजही बजेट कापायची वेळ आली की कात्री आधी वेशभूषेवर चालते. मीही चालवते. गरिबांच्या सिनेमाला कपड्यांचा खर्च कसला, असं एक निर्माता मला म्हणाला होता. गरिबाचे कपडे उभे करायला जास्त वेळ लागतो, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

कॅमेरा. छायाचित्रकार, म्हणजे आमच्या भाषेत डीओपी, कॅमेरा हातात धरेलच असं नाही. उजेड कुठून, किती आणि कसल्या रंगाचा, आणि हा क्षण किती जवळून बघायचा, हे त्याचे प्रश्न. कॅमेरा चालवणारा ऑपरेटर वेगळा असू शकतो. पहिला असिस्टंट फोकस ओढतो. आई दोन पावलं पुढे आली तर तिच्याबरोबर फोकसही पुढे यायला हवा, आणि तिची पावलं प्रत्येक टेकला सारखी पडत नाहीत. सेटवरच्या अवघड कामांत मी हे फार वर धरते. चुकलं तर सगळ्यांना दिसतं, बरोबर आलं तर कुणालाच नाही. क्लॅप देणारा असिस्टंट ‘सीन 42, शॉट 3, टेक 2’ म्हणून पट्टी आपटतो. त्या आवाजाने पुढे चित्र आणि ध्वनी जुळवले जातात. भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर कंपनीचा अटेंडंट येतो, आणि पुष्कळ छायाचित्रकार तिथूनच वर आले आहेत. शूट झालेली मेमरी कार्डं एका कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे जातात. तो प्रत्येक कार्डाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर काढतो, तपासतो आणि मगच कार्ड पुसायला देतो. ‘डेटा उतरला का?’ याचं उत्तर तो देईपर्यंत पॅकअप म्हणायला मी धजावत नाही.

लाइटचा मुख्य माणूस गॅफर. डीओपी म्हणतो, ‘मागून चांदणं वाटलं पाहिजे’, आणि गॅफर त्याचं भाषांतर कुठला लाइट, किती उंचीवर, पुढे कुठलं कापड, असं करतो. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या रात्री सगळ्यांचा जीव लाइटदादांच्या हातात असतो, ही अतिशयोक्ती नाही. अशा रात्री केबल जमिनीवरून उचलली आहे का, हे मी स्वतः फिरून बघते.

आवाजवाल्याला पावसाचा सीन म्हणजे शिक्षा. रेनमशीनचा आवाज, टँकरची मोटर, पत्र्यावर पडणारं पाणी, दूरचा जनरेटर. साडीत लपवलेला माइक भिजतो. तो बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून मिळेल तेवढं घेतो, आणि शॉट झाल्याझाल्या, पाणी बंद करून, त्याच नटांकडून तेच संवाद शांततेत पुन्हा बोलवून घेतो. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. दोन मिनिटांचं काम असतं, पण त्या वेळी सगळ्यांना जेवायला जायचं असतं, आणि त्याच्यावर ओरडणारे बरेच असतात. नंतर डबिंगच्या खोलीत, कोरड्या कपड्यांत, एसीमध्ये उभी राहून नटी तोच कंप परत आणू शकत नाही, तेव्हा ही दोन मिनिटं आठवतात.

मग शूटिंग संपतं आणि माणसांचा दुसरा संच काम हातात घेतो. संकलक सगळे टेक बघतो आणि ठरवतो की डबा देताना कुणाचा चेहरा बघायचा, आईचा की मुलाचा. ही एक निवड सीनचा मालक बदलते. संकलन लॉक, म्हणजे कायम झालं की ध्वनिरचना: चिखलातली पावलं आणि डब्याच्या कडीचा खट्ट आवाज फॉली कलाकार स्टुडिओत नव्याने करतात. व्हीएफएक्सवाले फ्रेममध्ये आलेला पाइप पुसतात. पार्श्वसंगीतकार, चांगला असेल तर, इथे थोडा वेळ काहीच वाजवत नाही. डीआयमध्ये, म्हणजे रंग जुळवण्याच्या टप्प्यात, कलरिस्ट आजची आणि चार दिवसांनंतरची रात्र एकाच रंगाची करतो. मिक्सिंगला पाऊस, संवाद आणि संगीत यांची तोलामोलाची भांडणं मिटतात. पुढे उपशीर्षकं, सेन्सॉर (2024 पासून यूए प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झालेत), पोस्टर, ट्रेलर, वितरण, थिएटरला जाणारी डीसीपी, म्हणजे सिनेमाची डिजिटल प्रत, आणि राज्य सरकारच्या अनुदानाची फाइल. यातल्या प्रत्येकावर वेगळं लिहिता येईल, पण तुमचा पहिला पगार तिथून येण्याची शक्यता कमी, म्हणून पुढे जाते.

एवढे विभाग पहिल्यापासून नव्हते, हेही लक्षात असू द्या. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा लेखन, दिग्दर्शन, फिल्म धुणं यातलं बहुतेक फाळक्यांच्याच अंगावर होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करत, फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवत. आजच्या यादीत त्यांचं नाव निदान चार विभागांत लागलं असतं. पुढे 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा कामं वाटली गेली होती. बोलपट आल्यावर विष्णुपंत दामले ध्वनी बघत, फत्तेलाल कला बघत, आणि दोघे मिळून दिग्दर्शनही करत. कमी पैशांतल्या मराठी सिनेमात हे अजून चालतं. एक माणूस दोन खुर्च्या सांभाळतो. नवख्याला ते फायद्याचं असतं, कारण मोठ्या हिंदी युनिटमध्ये वर्षभर तुम्ही एकाच कोपऱ्यात राहू शकता.

आता तुमच्याकडे. इथून पुढे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती तुम्हालाच ठाऊक.

पहिली गोष्ट पैशाची. युनियनमधले लाइटदादा, स्पॉटदादा, सेटिंगवाले शिफ्टवर काम करतात आणि त्यांचे दर ठरलेले असतात. सहायकांचं तसं नाही. त्यांना पूर्ण सिनेमाची एक रक्कम ठरते, पहिल्या सिनेमाला ती फार कमी असते, कधी नुसता प्रवास-जेवण आणि वर थोडं. सिनेमा लांबला तर रक्कम तीच. पैसे उशिरा येणं, तुकड्यातुकड्याने येणं, हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. घरून सहा-आठ महिने टेकू मिळणार असेल तर मुंबईत राहून बघा. नसेल तर दुकान सोडू नका, जिल्ह्यातून सुरुवात करा. तो मार्ग खाली सांगते.

दुसरी गोष्ट शरीराची आणि स्वभावाची. शूटिंग म्हणजे बारा तासांची शिफ्ट आणि वर प्रवास, झोपेचं वेळापत्रक नाही, आणि सतत माणसं. पोस्टमधलं, म्हणजे शूटिंगनंतरचं, काम म्हणजे अंधारी खोली, एकच सीन शंभरदा आणि सोबत एखादाच माणूस. शूटिंगआधीचं प्री-प्रॉडक्शन म्हणजे फोन, कागद आणि नकार पचवणं. ज्याला गर्दीत उत्साह येतो त्याने संकलनाच्या मागे लागू नये. ज्याला आरडाओरड सहन होत नाही त्याने तिसरा सहायक होऊ नये. सिनेमाचं वेड दोघांनाही सारखंच असतं, त्यावरून काही ठरत नाही.

तिसरी गोष्ट युनियनचं कार्ड. मुंबईत पुष्कळ कामांना ते लागतं, आणि प्रत्येक संघटनेचे प्रवेशाचे नियम वेगळे. हे नियम दगडावरची रेघ नाहीत, हे मात्र सांगते. मेकअप आर्टिस्टच्या संघटनेत बायकांना मेकअपचं कार्ड मिळत नसे, फक्त हेअरड्रेसरचं मिळे. चारू खुराणा यांनी ते कोर्टात नेलं आणि नोव्हेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिलेलं असावं, ही अटही त्याच निकालात गेली. सुरुवातीला कार्डाच्या भीतीने थांबू नका, काम मिळायला लागलं की त्याची चौकशी करा.

कोर्सचं. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कला यांतलं काही मनापासून करायचं असेल तर शिक्षणाचा उपयोग होतो, कारण त्यात यंत्रं आणि शास्त्र आहे आणि चुका करायला सुरक्षित जागा लागते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 मध्ये, पुढे पुण्याला हललेल्या त्या प्रभातच्याच आवारात सुरू झाली. तिथले हे अभ्यासक्रम पदवीनंतरचे, तीन वर्षांचे, प्रवेशपरीक्षा देऊन मिळणारे. तयारी करून एकदा परीक्षा द्यायला हरकत नाही. पण सहायक दिग्दर्शन आणि प्रॉडक्शन हे सेटवरच शिकतात. ‘तीन महिन्यांत दिग्दर्शक’ असल्या जाहिरातींना, आणि काम देण्याआधी पैसे मागणाऱ्या कुणालाही, एक रुपया देऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

मला विचाराल तर तुमच्यासाठी दोन दारं उघडी आहेत, आणि दोन्ही तुम्हाला यादीत दिसली नसणार.

एक म्हणजे प्रॉडक्शन अकाउंट्स. प्रत्येक सिनेमात रोज रोख रक्कम बाहेर जाते: टँकर, डिझेल, भाजी, गावातल्या दोनशे माणसांचं मानधन, हरवलेल्या छत्र्या. व्हाउचर घेणं, टीडीएस कापणं, जीएसटीची बिलं नीट लावणं, आणि रात्री मला सांगणं की आज अंदाजापेक्षा किती जास्त गेले. हे रोजच्या रोज करणारा माणूस मिळत नाही. हिशेबनीस असतात, पण ते महिनाअखेरीला बसून लिहितात, तोवर पैसे संपलेले असतात. बी.कॉम. झालेला, सेटवर उभा राहायची तयारी असलेला आणि कुणाला न दुखवता ‘पावती द्या’ म्हणू शकणारा मुलगा मला उद्या हवा आहे. या खुर्चीतून सगळे विभाग दिसतात, कारण प्रत्येकाला पैसे मागायला तुमच्याकडेच यावं लागतं.

दुसरं दार कलाविभाग. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात वाढलात. कुठलं प्लाय भिजलं की फुगतं, कुठला रंग एका रात्रीत वाळतो, कडी-कोयंडे जुने कुठे मिळतात, आणि शेडसाठी किती पत्रे लागतील हे तुम्हाला न विचारता कळतं. शहरातून आलेल्या कलादिग्दर्शकाला तालुक्याच्या गावात रात्री आठ वाजता बिजागऱ्या आणून देणारा माणूस सोन्याच्या मोलाचा वाटतो. तिथून आर्ट असिस्टंट होणं सोपं आहे. चित्रकला येत नाही म्हणून घाबरू नका. निम्मा कलाविभाग खरेदी आणि वाहतूक यांवर चालतो.

आणि जिल्ह्यातला मार्ग तो हा: मराठी सिनेमा आता सतत बाहेर शूट होतो. वाई-मेणवलीचा परिसर तर ठरलेलाच, कोल्हापूरलाही चित्रनगरी आहे, आणि सोलापूरकडे, मराठवाड्यातही युनिटं येतात. प्रत्येक युनिटला स्थानिक माणूस लागतो. स्टँडची परवानगी कुणाकडे मागायची, कुठल्या सरपंचाशी कसं बोलायचं, टँकर कुणाचे, पन्नास माणसांचं शाकाहारी जेवण कोण वेळेवर देईल, गर्दीसाठी जुन्या साड्यांतल्या बायका कुठून येतील. हे काम पंधरा-वीस दिवसांचं असतं, दुकान सांभाळून जमतं, आणि युनिट परत जाताना ज्याचा नंबर प्रॉडक्शन मॅनेजरच्या फोनमध्ये राहतो त्याला पुढचं काम मिळतं. मी आजवर घेतलेल्या चांगल्या प्रॉडक्शनच्या मुलांपैकी बरीच अशीच आली आहेत.

काम मिळालं की पहिल्या बोलण्यातच चार गोष्टी विचारून घ्या, लाजू नका: मी कुणाला उत्तरदायी आहे, राहणं-जेवण-प्रवास कुणाकडे, पैसे किती आणि कुठल्या टप्प्यावर, आणि नाव कुठल्या विभागात लागेल. जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. हे विचारल्यावर नाराज होणारा माणूस पुढे पैसे देतानाही नाराजच होतो. आणि पहिला सिनेमा शक्यतो रेकीपासून, म्हणजे जागा बघायला जाण्यापासून, शेवटचं भाडं चुकतं करेपर्यंत पूर्ण बघा. मधल्याच दहा दिवसांसाठी गेलात तर सिनेमा म्हणजे नुसती धावपळ, असं वाटून परत याल.

प्रॉडक्शनच्या माणसाला मेसेज टाकताना ‘लहानपणापासून सिनेमाची आवड’ लिहू नका, ती आम्हाला आलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये असते. लिहा: नाव, गाव, शिक्षण, टॅली आणि एक्सेल येतं का, दुचाकी-चारचाकी चालवता का, कुठले तालुके माहीत आहेत, कुठल्या तारखेपासून मोकळे आहात. हिंदी बोलता येत असेल तर तेही लिहा, कारण कॅमेऱ्याची आणि लाइटची बरीच माणसं मराठी नसतात. पाच ओळी झाल्या की थांबा, आणि उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदाच आठवण करा.